बुरा पुसला, नवव्या दिवशी परत आला : एका बेज लेदर केबिनचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी सहा वर्षं जुनी, सनरूफवाली सेडान. आतलं लेदर बेज रंगाचं. मालक कामानिमित्त मे महिन्याच्या शेवटी परदेशी गेले ते सप्टेंबर सरता सरता परतले. तोवर गाडी ठाण्यातल्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, सोनमोहराच्या झाडाखाली, कापडी कव्हर घालून उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून मालकांचे वडील दर रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवत आणि एसीही लावत.

हेतू चांगला, पण या दोन्ही गोष्टी अंगाशी आल्या. कापडी कव्हर पावसात भिजलं की दिवसचे दिवस वाळत नाही आणि गाडी ओल्या गोधडीत गुंडाळल्यासारखी राहते. एसी दहाच मिनिटं चालवून बंद केला की इव्हॅपोरेटरवर (एसीच्या हवा थंड करणाऱ्या भागावर) जमलेलं पाणी पूर्ण निथळत नाही, त्याची वाफ पुन्हा केबिनमध्येच येते. काचा बंद, वर कव्हर. ओल जाणार कुठे?

परतल्यावर मालकांनी दार उघडलं तेव्हा चारही सीटवर, स्टिअरिंगवर आणि सीटबेल्टवर राखाडी-पांढरा बुरा होता. त्यांनी घरी येऊन गाडी धुणाऱ्या एका सेवेला बोलावलं. त्या पोरांनी ऑल-पर्पज क्लीनर पाणी न घालता सीटवर फवारला, कडक नायलॉन ब्रशने घासलं आणि वरून तेलकट सिलिकॉन ड्रेसिंग चोपडलं. सीट चकाकल्या. नवव्या दिवशी शिवणींच्या कडेने बुरा परत डोकावला आणि गाडी डिटेलिंग स्टुडिओत (गाडीची बारकाईने सफाई-दुरुस्ती होते तिथे) आली. मालकांची मागणी एका वाक्याची होती: लेदर तेवढं दिवाळीच्या आत नीट करून द्या.

तपासणीत काय सापडलं

सीटवरचं पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच, असं धरून कामाला लागायचं नसतं. लेदरवर तीन प्रकारचं पांढरं येतं. पहिली बुरशी: ती ठिपक्याठिपक्यांनी वाढते, बोटाने पुसली जाते आणि कोंदट वास सोडते. दुसरा क्षार: बोअरच्या पाण्याने सीट पुसली असेल तर लेदरच्या बारीक भोकांच्या कडेला बसतो, ओल्या फडक्याने जातो आणि वाळल्यावर पुन्हा उमटतो. तिसरं म्हणजे चामड्यातली चरबी वर येऊन धरलेली साय; तिच्यावर हेअर ड्रायर कोमट धरला की विरघळून दिसेनाशी होते. बुरशी उष्णतेने विरघळत नाही. या गाडीत शिवणींवर आणि सीटखाली बुरशी होती, पण मधल्या सच्छिद्र पट्ट्यातलं बरंचसं पांढरं म्हणजे भोकांत वाळलेला क्लीनर आणि ड्रेसिंग निघालं.

मग पाण्याच्या थेंबाची चाचणी. सीटच्या वेगवेगळ्या भागांवर डिस्टिल्ड वॉटरचा एकेक थेंब ठेवून पाहिलं. गाड्यांमधलं बहुतेक लेदर पिगमेंटचं असतं, म्हणजे चामड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक टॉपकोट. टॉपकोट शाबूत असेल तर थेंब तसाच बसून राहतो. पाठीवर, मधल्या पट्ट्यावर तो पाच मिनिटं हलला नाही. ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या बोल्स्टरवर (कडेच्या फुगीर भागावर) मात्र अर्ध्या मिनिटात शोषला गेला आणि खाली गडद डाग उमटला. रोज चढता-उतरता घासून तिथला टॉपकोट आधीच पातळ झाला होता. नायलॉन ब्रशने उरलासुरला काढला. त्याच भागात जीन्सचा निळा रंग मुरलेला होता. सीटच्या बाजू आणि मागचे भाग लेदर नसून रेक्झिनचे होते. बऱ्याच गाड्यांत तसंच असतं. अंग टेकतं तेवढाच भाग खरं लेदर.

क्लीनर किती उरलाय हेही पाहिलं. डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेलं पांढरं फडकं सीटवर मिनिटभर दाबलं आणि त्यावर पीएच पट्टी टेकवली. पट्टी ९ च्या आसपास गेली, म्हणजे अल्कधर्मी. चामड्याचा स्वतःचा पीएच आम्लधर्मी, साधारण ३.५ ते ५. अल्कधर्मी अवशेष तसाच राहिला तर टॉपकोट चिकट होतो आणि उघडं चामडं ताठरतं.

खरी मेख मात्र सीटमध्ये नव्हती. स्टुडिओने एक साधा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) डॅशबोर्डवर ठेवून गाडी रात्रभर बंद केली. सकाळी शेडमध्ये सापेक्ष आर्द्रता ६८ टक्के होती आणि गाडीत ८६. सत्तरच्या वर बुरशीला आणखी काही लागत नाही. घाम आणि त्वचेचं तेल सीटवर असतंच, वर या गाडीत ड्रेसिंगचीही भर. पण पाऊस थांबून दोन आठवडे झाले असताना गाडीच्या आत बाहेरपेक्षा जास्त ओल असेल, तर गाडीत कुठेतरी पाणी साठलेलं असणार. पुढच्या डाव्या सीटसमोरचं मॅट उचललं. कार्पेट वरून हाताला कोरडं लागत होतं. त्यावर टिश्यू पेपरची घडी ठेवून टाचेने दाबलं, तशी घडी कडेपासून मध्यापर्यंत ओली होत गेली. कार्पेटखालचा जाड फोम स्पंजसारखा भरलेला होता.

पाणी सनरूफमधून येत होतं. सनरूफच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांतून चार नळ्या खाली जातात: पुढच्या दोन ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून), मागच्या दोन मागच्या खांबांतून. पुढच्या डाव्या कोपऱ्यात २०० मिली पाणी हळूहळू ओतलं. चाकाच्या कमानीमागून ते पडायला हवं होतं, पण थेंबही पडला नाही. नळीच्या तोंडाशी सोनमोहराचा बारीक पाला आणि पाकळ्या कुजून बूच बसलं होतं.

पर्याय

सीट कव्हर. हा घरच्यांचा सल्ला होता, आणि स्वस्तही. पण ओल्या, बुरशी लागलेल्या लेदरवर रेक्झिनचं कव्हर चढवणं म्हणजे बुरशीला अंधारी जागा देणं. शिवाय या गाडीच्या पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग आहेत. सरसकट घट्ट कव्हर त्यांच्या वाटेत येतं. इथे चर्चा थांबली.

नवी अपहोल्स्ट्री. दिसायला सगळ्यात छान आणि खर्चाला सगळ्यात जड. एअरबॅग फुटते ती शिवण कंपनीत मुद्दाम ठरावीक धाग्याने घातलेली असते. बाजारातला कारागीर तिथे दणकट धागा वापरतो आणि पुढचा धोका कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यातून चामडं फाटलेलं नव्हतं. बारा सीट-पट्ट्यांपैकी एकच खराब होती. तेवढ्यासाठी सगळं उसवणं पटण्यासारखं नव्हतं.

पुन्हा सफाई आणि वरून कोटिंग. दोन दिवसांत गाडी हातात मिळाली असती आणि मालकांनी मागितलंही तेच होतं. पण फोममध्ये पाणी असताना सीटवर कोटिंग केलं तर वरची बाजू सुरक्षित राहते आणि शिवणीतून, खालून बुरा परत येतो. नवव्या दिवशी आला तसाच.

ओझोन मशीन. वासावर चालतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. बुरशीचा थर आणि ओल त्याने हलत नाही, आणि जास्त वेळ चालवलं तर रबरी बीडिंग कडक पडतात. शेवटी गरज वाटली तर थोडा वेळ, गाडीत कुणी नसताना, आणि नंतर दारं उघडी ठेवून, असं ठरलं. गरज पडली नाही.

आधी वाळवणं, मग सफाई, मग रंगाची दुरुस्ती, मग संरक्षण. सहा-सात दिवसांचं काम, आणि बिलातला मोठा भाग लेदरचा नाहीच. हे मालकांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. लेदरसाठी आणलेली गाडी, आणि पहिले तीन दिवस लेदरला हात लागणार नाही! हायग्रोमीटरचे दोन आकडे आणि ओल्या टिश्यूचा फोटो पाठवल्यावर होकार आला.

प्रत्यक्ष काम

पाणी बंद करणं. ड्रेनची नळी मोकळी करायला गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉन दोरी वापरली, टोक मेणबत्तीवर गोल करून. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. जोरात हवा गेली की आतल्या बाजूला नळी तिच्या निपलवरून निसटते आणि मग पाणी सरळ छताच्या अस्तरात उतरतं. ती दुरुस्ती सगळं छत उतरवून करावी लागते. दोरी फिरवल्यावर काळा गाळ बाहेर पडला, पाणी वाहू लागलं.

सीट काढणं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबले आणि मगच सीटखालचे कनेक्टर सुटे केले. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे. सीट बाहेर असताना इग्निशन चुकूनही ऑन करायचं नाही. केलं की डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. स्टिअरिंगवर तशी चिठ्ठीच चिकटवली, कारण शेडमध्ये गाडी जरा पुढे घ्यायला कुणीतरी चावी लावतंच.

वाळवणं. कार्पेटची डावी बाजू उचलून वेट व्हॅक्युमने पाणी ओढलं. तीनेक लिटर निघालं. मग फोमखाली लाकडी ठोकळे देऊन दोन दिवस पंखा, आणि रात्री दारं बंद करून डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र). हीट गन वापरली नाही, फोम वरून भाजतो आणि आत ओलाच राहतो. तिसऱ्या सकाळी गाडीतला आकडा ५७ झाला. साठच्या खाली आल्याशिवाय सफाईला सुरुवात करायची नाही, हे आधीच ठरवून ठेवलं होतं.

बुरशी काढणं. सीट शेडबाहेर नेल्या, एन-९५ मास्क, हातमोजे. आधी कोरडं काम: हेपा फिल्टरच्या व्हॅक्युमला मऊ ब्रश लावून शिवणी, सीटच्या फटी, खालची जाळी. बुरा असताना थेट ओलं फडकं फिरवलं तर बीजाणू भोकांत आणि शिवणीत चेपले जातात. नंतर रेक्झिनच्या भागांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. लेदरवर तेच, पण डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं करून, फडकं पिळून, एकदाच हात. आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या लेदरच्या पट्टीवर पांढऱ्या कापडाने दहा वेळा घासून पाहिलं, रंग आला नाही. इतकं पातळ अल्कोहोल सगळे बीजाणू मारत नाही. त्याचं काम चिकटलेला थर सोडवणं. बुरशीवरचा खरा इलाज दोन दिवसांच्या पंख्याने आधीच झाला होता. उघड्या पडलेल्या बोल्स्टरवर अल्कोहोल अजिबात लावलं नाही.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून क्लिपने अडकवले, सौम्य साबणाच्या पाण्याने ब्रशने धुतले आणि रात्रभर तसेच ठेवले. ओला बेल्ट आत गेला तर गुंडाळीतच पुन्हा बुरा धरतो. ब्लीच कितीही मोह झाला तरी वापरायचं नाही, बेल्टचे धागे कमकुवत होतात.

लेदरची सफाई. अल्कधर्मी अवशेष आधी काढायचा म्हणून डिस्टिल्ड वॉटरच्या ओलसर फडक्याने तीन हात, दर वेळी नवं फडकं. मग साधारण ५ ते ६ पीएचचा लेदर क्लीनर: फेस ब्रशवर घ्यायचा, सीटवर फवारायचा नाही. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश, एका वेळी दोन वितींचा भाग, ब्रशला वजन न देता गोल फिरवायचं आणि फेस मळकट झाला की तो वाळायच्या आत मायक्रोफायबरने उचलायचा. सच्छिद्र पट्ट्यावर ब्रश नाही. फेस फडक्यावर घेऊन पुसलं. भोकांतले पांढरे ठिपके लाकडी टूथपिकने एकेक करून काढले, या एकाच कामात जवळजवळ अर्धा दिवस गेला. स्टीम वापरली नाही. पट्ट्याखाली फोम आणि गोंद असतो, आणि ओलं चामडं गरम झालं की आकसतं.

निर्णयाची जागा: निळा डाग

जीन्सचा रंग लवकर पुसला तर क्लीनरनेही निघतो. इथे तो काही वर्षं मुरलेला होता. पहिल्या हाताला फडकं निळसर झालं, दुसऱ्या हातालाही. मग डाय काढायचं जेल लावून दोन मिनिटांनी पुसलं आणि निळा बराच उतरला. पुन्हा तेच केलं. या वेळी पांढऱ्या फडक्यावर निळ्याच्या कडेला फिकट पिवळसर, सायीसारखी छटा आली. तो मळ नव्हता, सीटचा स्वतःचा बेज रंग सुटायला लागला होता. डाग अजून दिसत होता, हातही थांबायला तयार नसतो. पण इथेच थांबायचं असतं. बाजारात मिळणारा पांढरा मेलामाइन स्पंज इथे चमत्कार करतो असं लोक सांगतात. तो म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे. डागाबरोबर टॉपकोट काढतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी निळा आणखी खोल मुरतो.

उरलेला डाग रंगाखाली झाकायचा ठरलं. बोल्स्टर लेदर प्रेपने तेलमुक्त केला, १००० नंबरच्या पेपरने हलका हात दिला, बारीक चिरांत लवचीक फिलर अगदी पातळ भरून वाळवला. रंग जुळवायला डोळ्यांसमोरचा भाग घेतला नाही, कारण तो उन्हाने विटलेला असतो आणि मळलेलाही. आणि हेडरेस्टखालचा, कधीच उन्हात न आलेला भागही नाही, कारण त्याच्याशी जुळवलं तर नवा बोल्स्टर बाकी सीटपेक्षा वेगळा उठून दिसतो. शेजारच्या स्वच्छ केलेल्या पट्टीशीच जुळवला. वॉटर-बेस्ड पिगमेंट एअरब्रशने पाच पातळ थरांत, प्रत्येक थर हेअर ड्रायरच्या कोमट हवेवर वाळवून. वर मॅट टॉपकोटचे दोन थर, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात क्रॉसलिंकर (थर पक्का करणारं द्रव्य) घालून. क्रॉसलिंकर मिसळलेला टॉपकोट काही तासांतच वापरावा लागतो, म्हणून लागेल तेवढाच, ४० मिली, कालवला.

संरक्षण. चोवीस तास थांबून सगळ्या लेदरला वॉटर-बेस्ड संरक्षक कोटिंग फोम अ‍ॅप्लिकेटरने लावलं, पुढच्या दोन सीटना मिळून सुमारे ३० मिली. सच्छिद्र पट्ट्यावर अ‍ॅप्लिकेटर जवळजवळ कोरडा. बारा तास कुणी बसायचं नाही. कंडिशनरचा (चामडं मऊ ठेवायच्या तेलकट क्रीमचा) मुद्दाम उल्लेख करायला हवा: तो फक्त रेक्झिन नसलेल्या भागांवर, नावापुरता लावला. टॉपकोट शाबूत असलेल्या लेदरमध्ये तेल मुरत नाही, वरच राहतं आणि धूळ व बुरशी दोन्हींना बोलावतं. खोबरेल तेलाचा हात फिरवणारी मंडळी आजही भेटतात. पावसाळ्यात त्यांच्याच सीट आधी पांढऱ्या होतात.

निकाल

सातव्या दिवशी गाडी गेली. वास जवळजवळ नव्हता. तीन आठवड्यांनी रात्रभराचा आकडा ५५ आला, दोन महिन्यांनीही त्याच आसपास. सीटवर बुरा परतला नाही. बोल्स्टर सरळ पाहिला तर कळत नाही. दुपारच्या तिरप्या उन्हात मात्र तो शेजारच्या पट्टीपेक्षा किंचित जास्त मॅट दिसतो, आणि हे मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. मागच्या एका सीटबेल्टवर राखाडी छटा राहिली. नव्या जीन्सचा रंग कोटिंगवर बसतो, पण ओलसर फडक्याने निघतो, तेही महिन्याभरात पुसला तर.

वेगळं काय करता आलं असतं

एसीचा केबिन फिल्टर बदलला, पण इव्हॅपोरेटरला फोम क्लीनर मारला नाही. महिन्याभराने एसी सुरू करताना पहिले काही सेकंद कोंदट झुळूक यायला लागली आणि गाडी त्यासाठी परत बोलवावी लागली. सीट बाहेर असताना ते काम अर्ध्या तासाचं होतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ड्रेनच्या पुढच्या दोन नळ्या तपासल्या आणि मागच्या दोन सोडून दिल्या. पुढच्या जुलैत डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी सापडलं; मागची उजवी नळी अर्धी तुंबली होती. लेदरपर्यंत ओल पोहोचली नव्हती, पण आणखी महिना गेला असता तर मागच्या सीटपासून सगळं पुन्हा सुरू झालं असतं. चारही कोपऱ्यांत पाणी ओतून पाहायला दहा मिनिटं पुरतात.

अंदाजपत्रक एकाच आकड्यात दिलं, तेही खटकलं. ओल शोधून गाडी वाळवणं हा एक टप्पा आणि लेदर हा दुसरा, असं वेगळं लिहून दिलं असतं तर पहिल्या दिवसाची रस्सीखेच टळली असती. वाळवल्यानंतर बोल्स्टरचा रंग करायचा की तसाच ठेवायचा, हे मालकांना सीट डोळ्यांसमोर ठेवून ठरवता आलं असतं.

गाडी देताना मालकांनी ओल शोषणाऱ्या डब्या सीटवर ठेवू का, असं विचारलं. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून खाली खारट द्रव साठवतं. डबी कलंडली तर तो द्रव चामड्याला ताठर करतो आणि सीटच्या रुळांना गंज चढवतो. त्याऐवजी सिलिका जेलच्या कापडी पिशव्या सीटखाली ठेवायला आणि रंग बदलला की वाळवायला सांगितलं. कव्हर पावसाळ्यात काढून ठेवायचं. आणि रविवारी गाडी सुरू करायचीच असेल तर एसी बंद, ब्लोअर सुरू, बाहेरची हवा आत घेऊन, वीस मिनिटं फिरवूनच आणायची.